एखाद्या लहानशा दीर्घिकेत प्रचंड कृष्णविवर कसे काय असू शकते?

असू शकते, आणि कन्या दीर्घिकासमूहातील एनजीसी ४४८६बी ही लहान, अतिशय दाट लंबवर्तुळाकार दीर्घिका हे त्याचे फार बोलके उदाहरण आहे. तिच्या केंद्राजवळचे तारे किती वेगाने फिरतात हे मोजून १९९७ मध्ये तेथील कृष्णविवराचे वस्तुमान सुमारे ६० कोटी सूर्यांइतके असल्याचा अंदाज बांधण्यात आला. हे दीर्घिकेच्या एकूण तारकीय वस्तुमानाच्या जवळपास ९ टक्के भरते, एरवी मात्र असे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली असते. आपल्या आकाशगंगेचे कृष्णविवर जेमतेम ४० लाख सूर्यांएवढे आहे, हे लक्षात घेतले की ही विसंगती किती मोठी आहे ते उमगते.

मला सर्वांत पटणारे स्पष्टीकरण असे, की ही दीर्घिका मुळात बरीच मोठी असावी आणि शेजारच्या महाकाय एम८७ दीर्घिकेच्या भरती-बलाने (म्हणजे जवळच्या आणि दूरच्या भागांवरील गुरुत्वाकर्षणातील फरकामुळे होणाऱ्या ओढीने) तिचे बाहेरचे तारे ओरबाडून नेले असावेत. गाभ्यात घट्ट बांधलेले कृष्णविवर मात्र तसेच राहिले. अशाच प्रकारे बाहेरचे तारे गमावलेल्या मानल्या जाणाऱ्या एम६०-यूसीडी१ या खुज्या दीर्घिकेत २०१४ मध्ये सापडलेल्या २.१ कोटी सूर्यांच्या कृष्णविवरामुळे, जे तिच्या वस्तुमानाच्या सुमारे १५ टक्के आहे, या कल्पनेला चांगलेच बळ मिळाले.