टोरोंटोला येऊन संपादन शिकायचं म्हणतेस तर

तुझा मेसेज आईने पुढे पाठवला. साताऱ्यात छापखान्यात चार वर्षं प्रुफं वाचलीस, आता नवऱ्याच्या नोकरीमुळे टोरोंटोला निघालीस, तर इथे येऊन पदवीच घ्यावी का, असं विचारतेस. मी वाईची, इथे बारा वर्षं हेच काम करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पदवीच्या मागे लगेच लागू नकोस. पब्लिशिंगची मास्टर्स सायमन फ्रेझर विद्यापीठात आहे, पण ते पडलं व्हँकुव्हरकडे, देशाच्या दुसऱ्या टोकाला. टोरोंटोत मेट्रोपॉलिटन विद्यापीठात (२०२२पर्यंतचं रायरसन, जुनी माणसं अजून तेच म्हणतात) पब्लिशिंगचा सर्टिफिकेट कोर्स आहे. त्यातलं कॉपीएडिटिंग, म्हणजे मजकुराची भाषा, शुद्धलेखन आणि सुसंगती तपासणं, आधी घे. सहा महिन्यांच्या आतल्या कोर्सला स्टडी परमिट लागत नाही. नोकरीची परवानगी हे वेगळं प्रकरण, ते निघण्याआधीच नीट बघून घे.

आता खरं सांगायचं ते. इथे कामाच्या चार पायऱ्या असतात: मजकुराची रचना, शैली, कॉपीएडिटिंग आणि शेवटी प्रूफरीडिंग. ‘एडिटर्स कॅनडा’ या संघटनेच्या परीक्षाही याच चार. आपल्याकडे प्रुफं वाचणारा ऱ्हस्व-दीर्घ बघता बघता लेखकाचं वाक्यही सरळ करून टाकतो, आणि लेखक वर चहा पाजतो. इथे तसं केलंस तर काम हातचं जातं. माझं गेलं.

एका प्रकाशकाने चाचणीला पाककृतींची आठ पानं दिली होती. मी लेखिकेची वाक्यं घासूनपुसून लख्ख केली. पण साहित्यात लसणाच्या सहा पाकळ्या होत्या, त्या कृतीत कढईत पडल्याच नव्हत्या, हे काही मला दिसलं नाही! साहित्यातली प्रत्येक वस्तू कृतीत आली का, त्याच क्रमाने आली का, हे बोट ठेवून ताडायचं असतं. आणि चूक सापडली तरी लसूण आपण टाकायचा नाही. समासात विचारायचं, ‘लसूण कांद्याबरोबरच घालायचा ना?’ याला क्वेरी म्हणतात. प्रश्न छोटा हवा, हो-नाहीत उत्तर देता येईल असा, आणि लेखकाला बाकावर उभं केल्यासारखं वाटता कामा नये. हे जमायला मला स्पेलिंगांपेक्षा जास्त दिवस लागले.

स्पेलिंगांचीही गंमतच आहे. ‘कलर’मध्ये ब्रिटिशांचा यू, ‘ऑर्गनाइझ’मध्ये अमेरिकेचा झेड. आपल्याकडे साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम सगळ्यांना सारखे. इथे प्रत्येक प्रकाशकाची रीत वेगळी, त्यात शिकागो मॅन्युअल या संपादनाच्या नियमपुस्तकाचं हजारावर पानांचं बाड. म्हणून प्रत्येक पुस्तकाची स्टाइल शीट करायची: कोणता शब्द कसा लिहायचा ठरवलं, आकडे अंकांत की अक्षरांत, सगळं अकारविल्हे. वर्डमधलं ट्रॅक चेंजेस, म्हणजे केलेला प्रत्येक बदल दिसता ठेवायची सोय, तिथेच शिकून घे, त्यावाचून कोणी दारात उभं करत नाही.

सराव आतापासूनच कर. नगरवाचनालयातून विश्वकोशाचा एक खंड काढ. आमच्या वाईत तर्कतीर्थांच्या देखरेखीखाली त्याचं काम चालायचं. कोणत्याही दहा नोंदी घे. जन्म-मृत्यूची सालं, कंस, नावांची रूपं कशी लिहिलीत ते टिपून त्यांची स्टाइल शीट बनव. मला पाठव, मी बघते. फक्त काही दुरुस्त करू नकोस, नुसतं समासात विचार.