ओव्हरटाइमचे पैसे

“ताई, मी तिला रोज आंघोळ घालतो आणि मनात म्हणतो, हे कधी संपणार. आता तुम्हीच सांगा, हा विश्वासूपणा की ढोंग?”

पणजीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येऊन बसल्यावर पाच मिनिटांत त्यांनी हे विचारलं. एवढं बोलायला माणसं तीन-चार बैठका घेतात. हे बहुधा रस्ताभर घोकत आले असावेत.

प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. ख्रिस्ती घरांतली जी माणसं माझ्याकडे येतात, त्यांच्या तोंडी तो फिरून फिरून येतो. कधी अंथरुणाला खिळलेल्या सासूबद्दल, कधी आठ-आठ महिने बोटीवर असणाऱ्या नवऱ्याबद्दल, तर कधी थेट देवाबद्दल: प्रार्थना करते, गीतं म्हणते, पण आत काही हलत नाही, मग मी कोणाला फसवतेय? म्हणून ही गोष्ट सांगते. दोघा नवरा-बायकोला विचारून, आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

गृहस्थ मूळचे नगरकडचे, पन्नाशी ओलांडलेले. खोर्लीच्या औद्योगिक वसाहतीत फिटर. रायबंदरला भाड्याचं घर, घरात मराठी, बाजारात मोडकीतोडकी कोंकणी, रविवारी मराठी उपासना. मुलगी लग्न होऊन पुण्याला. सहा वर्षांपूर्वी पत्नीला पक्षाघात झाला. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात महिना काढला, जीव वाचला. डावी बाजू लुळी ती लुळीच राहिली आणि जीभ जड झाली. “डोकं मात्र माझ्यापेक्षा तल्लख आहे,” ते म्हणाले. हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. त्याचा अर्थ पुढे कळायचा होता.

आधी माझी चूक सांगते. पहिल्याच दिवशी मी त्यांना तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रातलं वचन दिलं, आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो, हे. त्यांनी मान डोलावली, आभार मानले आणि पुढचे तीन आठवडे फिरकले नाहीत. वचन खोटं नव्हतं. पण तहानलेल्याला विहिरीचा पत्ता द्यावा तसं ते झालं. शिवाय त्यांना ते पाठ होतं. पाठ असलेलं वचन पुन्हा ऐकवलं की माणसाला वाटतं, इथेही तेच.

तीन आठवड्यांनी आले तेव्हा मी काही सांगितलं नाही. म्हटलं, “सकाळ कशी जाते ते सांगा. अगदी बारीकसारीक.”

ते सांगू लागले. साडेपाचला उठायचं, चहा ठेवायचा, पाणी तापवायचं. तिला कुशीवर वळवून पाठ बघायची, लाल डाग पडलाय का. मग खुर्चीत बसवून न्हाणीघरात. अंग पुसून गाऊन. “गाऊन घालताना लुळा हात आधी बाहीत घालायचा, मग चांगला. काढताना उलटं, चांगला आधी, लुळा शेवटी. नाहीतर खांदा दुखतो तिचा. बांबोळीला एका सिस्टरने शिकवलं होतं.” हे सांगताना त्यांचे दोन्ही हात हवेत ती बाही धरून होते. मी बघत राहिले. सहा वर्षं, दिवसातून दोनदा, लुळा हात आधी.

“आणि हे करताना मनात काय असतं?”

“सांगितलं ना. कधी संपणार.”

मी स्तोत्रसंहिता उघडून तेरावं स्तोत्र त्यांच्यासमोर ठेवलं. सुरुवातच तिथून आहे: हे परमेश्वरा, कुठवर? पहिल्या दोन वचनांत तोच सवाल चारदा येतो. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळ नाही, काही नाही. त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ती स्तोत्रं वाचली जात असणारच, पण ती आपली तक्रार आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. “म्हणजे हे देवाला म्हणायचं असतं?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “तुम्ही म्हणताच आहात. फक्त पत्ता न टाकता.”

इथे थोडं शब्दांबद्दल. गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळांत आपण ‘विश्वासूपणा’ वाचतो, तिथे मूळ ग्रीक शब्द आहे ‘पिस्तिस’. विश्वास ठेवणं आणि विश्वासाला पात्र असणं, दोन्ही त्यात येतं. मराठीत आपण त्याचे दोन शब्द केले, विश्वासी आणि विश्वासू, आणि बिचारे विश्वासी समजतात की विश्वासू व्हायचं तर आधी छातीत काहीतरी उचंबळलं पाहिजे. जुन्या करारातला हिब्रू शब्द ‘एमुना’. प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी आपण म्हणतो तो ‘आमेन’ त्याच धातूतून आला. त्यात उचंबळण्याचा भाग फार नाही. टिकाव आहे, न हलणं आहे. बाहीत आधी लुळा हात घालणं त्यात सहज बसतं. मला तरी तसं वाटतं, आणि मी त्यांना तसं सांगितलंही.

ते खूष होऊन जातील असं मला वाटलं होतं. उलट त्यांचा चेहरा पडला. “ताई, मग तर मी नापासच. तुम्हाला एक सांगितलं नाही.”

मी मनातल्या मनात कोणीतरी दुसरी बाई गृहीत धरली. या धंद्यात तशी सवय लागते.

निघाली फेरीबोट. कामावरून सुटले की जुन्या गोव्यावरून रायबंदरला येतात, आणि घराकडे न वळता धक्क्यावर स्कूटर लावून नदीपलीकडच्या चोडण बेटाच्या फेरीत चढतात. पलीकडे गेल्यावर उतरायचंही नाही. गाड्या उतरतात, दुसऱ्या चढतात, हे कठड्याला टेकून उभे. परत अलीकडे. कधी एक खेप, कधी तीन. खलाशी त्यांना ओळखू लागले होते, ‘पात्रांव’, म्हणजे मालक, म्हणून हसायचे. मांडवीवर संध्याकाळ होते, खारफुटीत बगळे उतरतात. त्या पाऊण-एक तासात त्यांना कोणी हाक मारत नाही. घरी सांगायचं, ओव्हरटाइम होता.

आठ महिने.

“जो अगदी थोडक्याविषयी विश्वासू तो पुष्कळाविषयीही विश्वासू,” त्यांनी लूकमधलं वचन स्वतःवरच ओढलं, चाबकासारखं. “मला पाऊण तासाचा हिशेब देता येत नाही.”

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्या होत्या आणि त्या त्यांना करता येत नव्हत्या. फेरीत बसणं हा गुन्हा नव्हता. सहा वर्षं एकट्याने आजारपण काढणाऱ्या माणसाला तेवढा वारा लागलाच पाहिजे; मी तर म्हणेन त्या फेरीनेच त्यांना उभं ठेवलं होतं. दुखणं होतं ते खोटं बोलण्याचं. ते दोन्ही एका गाठोड्यात बांधत होते, आणि विचार करत होते फेरी सोडायचा. म्हणजे खोटं तसंच राहणार आणि वारा मात्र जाणार.

“फेरी सोडू नका,” मी म्हटलं. “वहिनींना सांगा.”

“तिला काय वाटेल? नवऱ्याला घरी यावंसं वाटत नाही.”

“ते खरंच आहे ना, काही दिवस?”

यावर ते बराच वेळ गप्प होते.

नगरकडचे असल्याने त्यांनी ख्रिस्ती कवी टिळक आणि लक्ष्मीबाई या दांपत्याचं नाव काढलं. आई लहानपणी त्यांचं उदाहरण द्यायची, नवरा-बायको असावेत तर असे. मी म्हटलं, उदाहरण चांगलं आहे, पण पूर्ण घ्या. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली वर्षं ताटातुटीची, रडण्याची, आणि पुन्हा एका छपराखाली आल्यावरही वेगवेगळ्या श्रद्धांची. टिळक शीघ्रकोपी, बाई सडेतोड. भिंतीवरच्या फोटोत ही माणसं शांत दिसतात, घरात नव्हती.

पुढच्या बैठकीला ते आले ते अर्धे हसत, अर्धे रडवेले. सांगितलं होतं. पत्नीने सगळं ऐकून घेतलं आणि उशाशी असलेली वही काढली. उजवा हात चांगला असल्याने घरखर्च अजून तीच लिहिते. औषधं, गॅस, मासळी, भाडं. वहीची पानं उलटून जड जिभेने एकच शब्द बोलली: “पैसे?”

ओव्हरटाइमचे पैसे. आठ महिने नवऱ्याचा ओव्हरटाइम चाललाय आणि जमेच्या रकान्यात एक रुपया वाढलेला नाही. तिला पहिल्याच महिन्यात कळलं होतं की हे खोटं आहे. दारू म्हणावी तर वास नाही. मग बाईच असणार, असं ठरवून ती आठ महिने त्या वहीशेजारी पडून होती. विचारलं नाही. विचारून हा निघून गेला तर आपल्याला कुशीवर कोण वळवणार, हेही तिच्या मनात होतं. हे तिने नंतर मला स्वतः सांगितलं.

मला आजही ही वही आठवली की पोटात खड्डा पडतो. आपण समजतो की समोरच्याला त्रास नको म्हणून लपवतोय. अंथरुणावरच्या माणसाला घड्याळाखेरीज दुसरा उद्योग नसतो. साडेसहा, सात, सव्वासात. त्या प्रत्येक मिनिटात ती काहीतरी भरत होती, आणि जे भरत होती ते फेरीबोटीपेक्षा कितीतरी वाईट होतं.

खरं कळल्यावर ती हलकी झाली असेल असं वाटतं ना? दोन दिवस भिंतीकडे तोंड करून होती. बाई नाही याचा आनंद वेगळा आणि आठ महिने फुकट जळल्याचा राग वेगळा. त्या रागाला घाईने क्षमेचं वचन लावू नका, एवढंच मी त्यांना बजावलं. त्यांनी ते पाळलं.

नंतर आम्ही ठरवलं ते अगदी लहान. सोमवार-गुरुवार फेरी. निघण्याआधी घरी फोन, आणि येण्याची जी वेळ सांगितली ती पाळायची. बस. उरलेले दिवस सरळ घरी. विश्वासूपणा वाढवायचा कसा, हे मला विचारतात तेव्हा मी अशीच, घड्याळ लावून तपासता येईल अशी गोष्ट मागते. ‘मी अधिक प्रेम करीन’ याचा हिशेब कोणाला लागत नाही. ‘साडेसातला येईन’ याचा लागतो.

पण अजून एक होतं. कधीतरी मी सरळ विचारलं, “हात उगारावासा वाटला कधी?” हे मी काळजी घेणाऱ्या प्रत्येकाला विचारते आणि विचारलंच पाहिजे. ते म्हणाले, एकदा दंड जोरात धरला होता, वळ उठला. सांगताना आवाज गेला.

त्या दिवशी आम्ही निर्गम सतरा वाचलं. अमालेकांशी लढाई, टेकडीवर मोशे हात वर धरून. हात वर असले की इस्राएलाची सरशी, खाली आले की अमालेकांची. आणि हात थकतात. मग त्याला धोंड्यावर बसवतात, अहरोन आणि हूर दोन बाजूंनी हात धरतात, आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहतात. ते ‘स्थिर’ जिथे आहे, तिथे हिब्रूत तोच शब्द आहे, एमुना. मोशेच्या हातांत जी होती तीही दुसऱ्यांच्या आधारावर उभी होती. मी विचारलं, “तुमचा अहरोन कोण? हूर कोण?” त्यांना एकही नाव सुचेना. सहा वर्षांत त्यांनी मंडळीत कोणाकडे काही मागितलं नव्हतं. विचारणाऱ्याला ‘देवाची कृपा’ म्हणून वाटेला लावत होते, आणि मंडळीही, खरं सांगायचं तर, तेवढ्यावर निर्धास्त होती.

पाळकांशी बोलले. मंडळीतल्या दोन बहिणी मंगळवार-शनिवारी सकाळी आंघोळीला येऊ लागल्या. त्यांना बाहीचं शिकवायचं काम यांनी केलं. पुण्याची मुलगी दर दोन महिन्यांनी आठवडाभर राहून जाते. दंड धरण्याची वेळ पुन्हा आली नाही. ‘कधी संपणार’ मात्र अजून मनात येतं, असं ते म्हणतात. मीही ते घालवायचा प्रयत्न केला नाही.

एक सांगून ठेवते, कारण हे वाचून कोणीतरी भलताच अर्थ काढील. माझ्याकडे अशाही बायका येतात ज्यांना नवरा मारतो आणि घरचे ‘विश्वासू राहा, सहन कर’ म्हणतात. त्यांच्यासाठी ही गोष्ट नाही. थकलेल्या हाताला आधार द्यायचा असतो, उगारलेल्या हाताखाली बसून राहायचं नसतं. अशा वेळी आधी तिथून बाहेर पडायचं, मग वचनं.

मध्ये एकदा त्यांनी पत्नीलाही फेरीत नेलं. मला वाटलं, काय सुंदर होईल. झालं उलटंच. ओहोटी होती, उतार मोठा, चाकाची खुर्ची दोन खलाशांनी धरून चढवली, इंजिनाच्या धडधडीने ती घाबरली आणि चोडणला पोचेपर्यंत डोळे मिटून होती. घरी आल्यावर म्हणाली, “तूच जा.”

तर ते जातात. गेल्या महिन्यात दोघांना भेटायला घरी गेले होते. गुरुवार होता. ते आले, बूट काढले, हात धुतले, आणि आधी तिच्या खाटेजवळ जाऊन उभे राहिले. साडेसातची वेळ दिली होती. पलीकडे गाड्यांची रांग मोठी होती म्हणे. त्यांचं म्हणणं पुरं व्हायच्या आत तिने वही माझ्याकडे सरकवली. मासळीच्या खाली, वळणदार अक्षरांत: चोडण, ७.४२.