‘पप्पा, गेटपर्यंत येऊ नका’

आठवी-नववीतल्या मुलांच्या आया माझ्याकडे समुपदेशनाला येताना एक गाऱ्हाणं वरचेवर घेऊन येतात, आणि ते सांगताना त्यांचा आवाज हमखास खाली येतो. “त्याले आमनी लाज वाटस, ताई.” मार्क कमी पडले, मोबाइल सुटत नाही, हे मोठ्यानं सांगता येतं. ज्याच्यासाठी खस्ता खाल्ल्या त्यानंच चारचौघांत ओळख दाखवू नये, हे सांगताना जीभ अडखळते.

चोपडा तालुक्यातल्या एका कुटुंबाची हीच तक्रार होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वडील केळी कटाईच्या टोळीत. मुलगा नववीत, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. वडील रोज मोटारसायकलवर त्याला सोडायचे आणि परस्पर कामावर जायचे. दिवाळीनंतर एक दिवस मुलगा म्हणाला, “पप्पा, गेटपर्यंत येऊ नका. कोपऱ्यावर सोडा.” वडील काहीच बोलले नाहीत. आईनं मात्र चांगलंच फैलावर घेतलं. तेव्हापासून मुलगा घरात हूं की चूं करेना. डबा भरलेलाच परत यायचा. सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखायचं, रविवारी नाही. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही, मग ते माझ्याकडे आले.

केळीचा घड कापला की दांड्यातून चीक गळतो. कपड्यावर पडतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो; हवा लागली की काळपट होतो आणि मग काही केल्या निघत नाही. घड खांद्यावर वाहणाऱ्याचा शर्ट खांद्यापासून पोटापर्यंत डागांनी भरलेला असतो, धुतलेला असला तरी. केळीच्या पट्ट्यात हे कुणाला सांगावं लागत नाही. शाळेतल्या काही पोरांना मात्र तो माणूस मळका वाटला.

मुलाशी मी एकट्याशी बोलले. तू सांगशील ते घरी जाणार नाही. जिवाला धोका असेल तरच सांगावं लागेल, हे आधीच स्पष्ट केलं. पहिल्या भेटीत तो नखं कुरतडत बसला. दुसऱ्या वेळी त्यानं मोबाइल पुढे सरकवला. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेटवर डबा देणाऱ्या वडिलांचा फोटो होता, त्याचं स्टिकर केलेलं, खाली ‘कथा चालना भाऊ?’ (कुठे चाललास भाऊ?). कोणीही, कशावरही ते स्टिकर टाकत होतं. त्याच्या खाली हसून डोळ्यांत पाणी आलेले इमोजी. त्यातला एक याचाच.

“मी पण हसलो,” तो म्हणाला. “पप्पांना सांगू नका.”

पोट का दुखत होतं, ते तिथं कळलं. वडील गेटवर आले की पुन्हा फोटो निघणार, म्हणून त्यानं त्यांना कोपऱ्यावर थांबवलं. आणि घरी आईच्या तोंडून ‘बापाच्या जिवावर शिकतोस’ हे ऐकलं की स्वतःचा तो इमोजी आठवायचा.

या वयात बरोबरीच्या मुलांचं मत घरच्यांपेक्षा मोठं वाटतं. भावनांची उसळी जोरात असते आणि थांबून विचार करायला लावणारा मेंदूचा पुढचा भाग विशी ओलांडली तरी घडत असतो. ‘लोक हसले तर हसू दे’ हे चाळिशीतल्या माणसाला जमतं (जमतं का, हाही प्रश्नच आहे). चौदाव्या वर्षी ग्रुपमधून बाहेर पडणं म्हणजे जगातून उठणं असतं. म्हणून कष्टांचा पाढा वाचून दाखवण्याच्या मी अगदी विरोधात आहे. त्यानं मूल जवळ येत नाही, फक्त लपायला शिकतं.

त्याची परवानगी घेऊन वर्गशिक्षिकेशी बोलले. त्यांनी कुणाचं नाव न घेता अख्ख्या वर्गाशी फोटो आणि चिडवण्याबद्दल बोलून स्टिकर काढायला लावलं. आईवडिलांना मी एवढंच सांगितलं की लाजेचा विषय काही दिवस बंद ठेवा, कोपऱ्यावर सोडायला सांगितलंय तर कोपऱ्यावर सोडा, आणि गाडीवर जाताना अभ्यास सोडून काहीही बोला.

फोटो त्यानं स्वतःच दाखवला, काही आठवड्यांनी, गाडीवरून उतरल्यावर. स्वतःच्या इमोजीसकट. वडिलांनी मोबाइल लांब धरून पाहिला आणि म्हणाले, “हाऊ ते जुना शर्ट शे.” हे सांगताना मुलगा पहिल्यांदा माझ्यासमोर मोकळा हसला. पोटदुखी हळूहळू थांबली. वडील आजही कोपऱ्यावरच सोडतात, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

मात्र प्रत्येक गप्पपणा असा सुटत नाही. मूल मित्रांपासूनही तुटलं, झोप-भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडली, अंगावर कापल्याच्या खुणा दिसल्या किंवा ‘मी नसतो तर बरं’ असं बोललं, तर वाट पाहू नका. सरकारी रुग्णालयात किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतं, आणि ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं.

शेवटच्या भेटीत आईनं विचारलं, गॅदरिंगला आम्ही जावं का? मी म्हटलं, त्यालाच विचारा. ये म्हणाला तर जा, जो शर्ट घालायचा तो घालून. नको म्हणाला तर यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी पुन्हा विचारा.