टीबी पाड्यावरच जास्त का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आमचं गाव शहादा तालुक्यात. गावाला लागून भिल-पावरा वस्ती आहे, तिथले चार-पाच जण ऊसतोडीवरून खोकत आले, दोघांना टीबी निघाला. पारावर लोक म्हणतात त्यांचं रक्तच तसं. अमेरिकेतही कोरोनात काळे लोक जास्त गेले ना, मग हे वंशातच असतं का?

उत्तर : पारावरचं निदान फुकट असतं भाऊ, म्हणून सगळेच करतात. रक्तातून येतो तो सिकलसेल, आपल्या सातपुड्यात आहेही, पण टीबीचा जंतू हवेतून येतो, तो आडनाव विचारत नाही.

एकदा ऊसतोडीची कोपी आतून बघा. वाकून शिरायचं, खिडकी नाही, चूल तिथेच नि पाच-सहा जण एकमेकाला लागून झोपलेले, त्यात एक खोकणारा असला की झालं. टोळी दिवाळीनंतर बारडोलीकडे गेली की पार उन्हाळ्यातच परत, आणि गोळ्या तर कमीत कमी सहा महिने घ्यायच्या. माझ्याकडे एक बाई आली होती, पदराच्या गाठीत रिकामं पाकीट, संपल्यावर तिकडे कुठे मागायच्या हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं!

आणि पोट. झारखंडात टीबी पेशंटच्या घरच्यांना दरमहा माणशी 5 किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या देऊन बघितलं, 2023 ला निकाल छापून आला, त्या घरांत नवा टीबी 39 टक्के कमी. आता सांगा, रक्त कुठे बदललं होतं? डाळच आली होती ना घरात.

अमेरिकेचंही तेच. बस चालवणं, मांस कारखान्यात खांद्याला खांदा लावून उभं राहणं, असली घरी बसून न होणारी कामं काळ्या नि लॅटिनो लोकांकडे जास्त, विमा कमी. नवाहो आदिवासींच्या भागात तर साधारण तीनातल्या एका घरात नळ नाही, हात धुवा म्हणणं सोपंय, मे 2020 मध्ये तिथली माणशी लागण न्यूयॉर्क राज्याच्याही वर गेली होती.

तुम्ही एवढं करा, त्या दोघांच्या घरच्या सगळ्यांची तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात फुकट होते. आणि टोळी पुन्हा निघायच्या आधी आशाताईंना गाठून नाव तिकडच्या केंद्रात ट्रान्सफर करायला लावा, मुकादमाच्या भरवशावर सोडू नका.