दिवे बंद करून बघ

प्रिय दोस्ता,

तू सजवलेल्या कॉम्प्युटर कॅबिनेटचे फोटो मिळाले. बारापैकी अकरा अंधारात काढलेले आणि सगळ्यांत रंगीत दिव्यांचं इंद्रधनुष्य! वाईट दिसतंय असं नाही. पण एक काम कर. भर दिवसा मशीन बंद ठेव आणि पाच मिनिटं नुसतं त्याच्यासमोर बस. तरीही बघत राहावंसं वाटलं, तर तू काहीतरी घडवलं आहेस. नाही वाटलं, तर आतापर्यंत नुसती रोषणाई झाली.

‘याला कला कोण म्हणणार?’ असं विचारलंस. कुणी म्हणो न म्हणो, मला यातली अट आवडते. चित्र तापत नाही. आपली वस्तू तापते, आणि तिला चालावंही लागतं. मॉडिंगची, म्हणजे कॉम्प्युटरचा खोका कापून-रंगवून मनासारखा करण्याची, सुरुवात बरीचशी त्या तापण्यातूनच झाली. तेव्हाचे कॅबिनेट म्हणजे मळकट पांढरे, एकसारखे खोके. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर आला आणि हौशी लोक ३०० मेगाहर्ट्झची ती चिप ४५० वर पळवू लागले. मग उष्णता वाढली, म्हणून पत्र्याला भोक पाडून जादा पंखा बसवायचा. एकदा पत्रा कापायचं धाडस आलं, की आतलं दिसावं म्हणून खिडकी कापायला कितीसा वेळ!

म्हणून कागदावर पहिली रेघ हवेची काढ. गार हवा कुठून येणार, गरम कुठून जाणार. तू पुढच्या पंख्यांसमोर सबंध ॲक्रिलिकची शीट लावली आहेस. देखणी आहे, पण मशीनचं नाक दाबलं गेलंय. ती फेकू नकोस. तिच्यावर जी वेलबुट्टी नुसती रंगवली आहेस, तीच आरपार काप. नक्षीतूनच हवा आत येऊ दे. मग ती नक्षी वरून चिकटवलेली वाटणार नाही.

कापण्यापूर्वी आतलं सगळं बाहेर काढ. सगळं म्हणजे सगळं. मी एकदा आळस केला. ‘एकच तर भोक आहे’ म्हणून मदरबोर्डवर वर्तमानपत्र पसरलं आणि ड्रिल चालवलं. लोखंडाचा कीस कागदाच्या कडेनं खाली गेला. दोन दिवस मशीन नीट चाललं, तिसऱ्या दिवशी बोर्ड गेला. वर्तमानपत्र मात्र शाबूत होतं! मापं कागदावर छापून ती पत्र्यावर चिकटव. १२० मिलिमीटरच्या पंख्याच्या स्क्रूंची भोकं मध्यापासून मध्यापर्यंत १०५ मिलिमीटरवर येतात, अंदाजानं मारू नकोस. कापलेली कड कानशीनं घासून घे, नाहीतर आधी बोट कापेल आणि मग वायर. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, मात्र उघडायचाच नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.

रंगाबद्दल एवढंच, की पातळ हात मार आणि प्रत्येक हात वाळू दे. घाई केलेली लांबूनही कळते.

लाकडी कॅबिनेटची कल्पना मला सगळ्यात आवडली, म्हणून तिच्यावरच जास्त शंका काढतो. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. जोड अगदी घट्ट बसवलेस तर फळी चिरेल. शिवाय धातूसारखी उष्णता लाकडातून बाहेर पडत नाही. मदरबोर्डखालचा पत्रा तसाच ठेव आणि लाकूड त्याच्याभोवती उभं कर. मिनी-आयटीएक्स हा छोट्या मापाचा मदरबोर्ड घेतलास तर तो १७० बाय १७० मिलिमीटरचाच असतो, म्हणजे आकाराशी खेळायला मोकळीक मिळेल.

वॉटर कूलिंग, म्हणजे नळ्यांतून पाणी फिरवून चिप गार ठेवणं, इतक्यात नको. करशीलच, हे मला माहीत आहे, म्हणून सांगून ठेवतो. चिपवर बसणाऱ्या तांब्याच्या ब्लॉकला पाणी गार करणारा ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडू नकोस, एकाच पाण्यात हे दोन धातू आले की ॲल्युमिनियम गंजून खाल्लं जातं. पहिले चोवीस तास बाकी सगळं बंद ठेवून फक्त पंप चालव आणि प्रत्येक जोडाखाली टिशू पेपर ठेव. वाकवताना नळी चेपली तर दुसरी घे. ‘चालेल’ म्हणून बसवलेली नळी तुला रोज दिसेल.

पुढच्या वेळी एकच फोटो पाठव. मागचा पत्रा काढून, वायरींच्या बाजूनं, दिवसा काढलेला.

तुझा,
जुना कानसवाला