वेग की बारकावा? कॅमेरा निवडताना पडणारे प्रश्न

या खेपेचे बहुतेक प्रश्न फिरून एकाच जागी येतात : सेकंदाला जास्त फ्रेम (म्हणजे सलग फोटो) देणारी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, घ्यावी की जास्त मेगापिक्सेलची (म्हणजे फोटोत जास्त दशलक्ष ठिपके देणारी)? ज्याचं त्याचं काम वेगळं, त्यामुळे उत्तरंही वेगळी. पण त्याआधी एक काम सगळ्यांनीच करावं, असं मला मनापासून वाटतं. गेल्या वर्षभरातले बाद केलेले फोटो पुसले नसतील, तर ते उघडून बसा. किती फोटो क्षण हुकल्याने गेले, किती फोकस सुटल्याने, आणि किती निव्वळ पिक्सेल कमी पडल्याने? कागदावर तीन रकाने आखा आणि मोजा. हा कागद समोर असला की कंपन्यांच्या माहितीपत्रकातले आकडे वेगळेच दिसायला लागतात.

प्रश्न : मी मैदानी खेळांचे, मुख्यतः क्रिकेटचे फोटो काढतो. ते वर्तमानपत्रांना आणि वेबसाइटना जातात. सध्याची बॉडी २४ मेगापिक्सेल, सेकंदाला १० फ्रेम. आता ४५ मेगापिक्सेलची घेऊ, की २४चीच पण ३०-४० फ्रेमची?

आधी चेंडूचं गणित करू. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू सेकंदाला जवळपास ३९ मीटर जातो. म्हणजे १० फ्रेमच्या बॉडीवर एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत तो चार मीटर पुढे गेलेला असतो. ३० फ्रेमला हे अंतर १.३ मीटरवर येतं, ४०ला एक मीटरच्या किंचित आत. अगदी १२० फ्रेम मिळाल्या तरी ३२ सेंटिमीटर उरतातच. चेंडू बॅटला चिकटलेला असतो तो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. तेव्हा नुसतं बटण दाबून धरल्याने तो क्षण हमखास मिळेल, असं कुठलीही बॉडी सांगू शकत नाही. फ्रेम वाढल्या की शक्यता वाढते, आणि १०वरून ३०वर जाणं म्हणजे ती तिपटीने वाढणं. हे थोडं नाही.

पण वेगवान बॉडीची माझ्या मते मोठी देणगी वेगळीच आहे. सेन्सर (चित्र टिपणारी चिप) जितक्या झपाट्याने वाचला जातो, तितक्या वेळा कॅमेरा फोकसचा हिशेब पुन्हा मांडू शकतो. सोनीची २०१७ची ए९ सेकंदाला ६० वेळा हा हिशेब करायची, २०२१ची ए१ करते १२० वेळा. सीमारेषेवरून थेट तुमच्या अंगावर धावत येणारा क्षेत्ररक्षक २० फ्रेममध्ये टिपला, आणि त्यातल्या १८ फ्रेममध्ये डोळे स्वच्छ आले, तर तो फायदा बर्स्टच्या (बटण दाबून धरल्यावर सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेमच्या) आकड्यात कुठेच लिहिलेला नसतो.

पूर्वी ही निवड फार कठोर होती. कॅननची २००१ची ईओएस-१डी चार मेगापिक्सेलची, पण आठ फ्रेम देणारी. पुढच्याच वर्षी आलेली १डीएस अकरा मेगापिक्सेलची आणि तीन फ्रेमची. एका घरातल्या दोन बॉडी, एक मैदानासाठी, एक स्टुडिओसाठी. निकॉनचंही तेच : डी२एच चार मेगापिक्सेल आणि आठ फ्रेम, डी२एक्स बारा मेगापिक्सेल आणि पाच फ्रेम. त्या डी२एक्समध्ये एक सोय होती, ती मला आजही फार बोलकी वाटते. सेन्सरचा मधला तुकडाच वापरा, ६.८ मेगापिक्सेलवर या, की तीच बॉडी आठ फ्रेम द्यायची. वेग आणि रिझोल्यूशन (पिक्सेलची संख्या) सेन्सरमधून माहिती बाहेर पडायच्या एकाच वाटेवर वाटा मागतात, हे त्या एका बटणात दिसायचं. २०१२च्या १डी एक्समध्ये कॅननने दोन्ही घराणी एकत्र आणली, १८ मेगापिक्सेल आणि १२ फ्रेम. आज ए१ ५० मेगापिक्सेलला ३० फ्रेम देते, निकॉन झेड ९ ४५ला २०.

तरी बारीक अक्षरातला मजकूर वाचा. झेड ९वर ३० फ्रेम हव्या तर जेपेगच (कॅमेऱ्यानेच प्रक्रिया करून लहान केलेली फाइल) मिळतं, आणि १२० फ्रेम मिळतात त्या ११ मेगापिक्सेलच्या. ए१च्या ३० फ्रेम रॉमध्ये (सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) घ्यायच्या, तर तपशील गाळून लहान केलेली रॉ घ्यावी लागते. शिवाय सोनीच्या बॉडीला दुसऱ्या कंपनीची लेन्स लावली, की मर्यादा १५ फ्रेमवर येते. वाट तीच आहे, फक्त रुंद झाली आहे.

तुमच्यापुरतं सांगायचं तर २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० पिक्सेल रुंद असतो. इंचाला ३००ने छापला तर २० इंच. वर्तमानपत्राला याहून जास्त लागत नाही. तुमच्याकडे ६०० मिलिमीटरची लेन्स असेल, तर बिनदिक्कत वेगवान २४ घ्या. ४००वरच काम भागवत असाल, तर पुढचा प्रश्नही वाचा.

प्रश्न : पक्षी टिपते. लेन्स १००-४००ची आहे आणि पक्षी नेहमीच लांब असतो. ६१ मेगापिक्सेलच्या बॉडीने २४च्या तुलनेत अडीचपट बारकावा मिळेल ना?

नाही, आणि हा गैरसमज फार महागात पडतो. मेगापिक्सेल हा क्षेत्रफळाचा आकडा आहे. रुंदीत पाहिलं तर ६००० पिक्सेलचे ९५०४ होतात, म्हणजे साधारण १.६ पट. धीवर फ्रेमच्या रुंदीचा पाचवा भाग व्यापत असेल, तर २४वर तो १२०० पिक्सेलचा असतो, ४५वर १६५०चा, ६१वर १९००चा. १२०० आणि १९०० पिक्सेलमधला फरक डोळ्याभोवतीच्या बारीक पिसांत नक्की दिसतो. पहिल्यात ती पिसं एकमेकांत मिसळून रंगाचा पट्टा होतात, दुसऱ्यात एकेक सुटी होते.

आता हाच हिशेब लेन्सने करून पाहा. ४००च्या जागी ६०० लावली तर पक्षी दीडपट मोठा होतो. तेवढंच सेन्सरकडून हवं असेल, तर २४चे ५४ मेगापिक्सेल करावे लागतील. आणि लेन्समध्येच धार नसेल, तर सेन्सर ती कुठून आणणार? आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. पैसा एकाच जागी घालायचा असेल, तर तुमच्याबाबतीत मी लेन्स म्हणेन.

बॉडीच बदलायची असेल, तर ६१पेक्षा ४५-५० मेगापिक्सेलची वेगवान बॉडी पाहा. ६१वाल्या बॉडीवर सेन्सर सावकाश वाचला जातो, आणि झेपावणाऱ्या पक्ष्याला तो वेळ परवडत नाही. फांदीवरून उडण्याचा क्षण हवा असेल, तर प्री-कॅप्चर आहे का ते आवर्जून विचारा. बटण अर्धं दाबलेलं असताना कॅमेरा आधीच्या फ्रेम साठवत राहतो आणि पूर्ण दाबलं की त्या जपतो. पक्षी उडाल्याचं डोळ्यांना कळून बोट हलेपर्यंत जो वेळ जातो, तो इथे परत मिळतो.

प्रश्न : मेगापिक्सेल वाढले की नॉइज (फोटोतले नको असलेले दाणे) वाढतो, हे खरं का?

स्क्रीनवर १०० टक्के मोठं करून पाहिलं, तर वाढलेला दिसतो. सेन्सर तेवढ्याच आकाराचा असेल आणि दोन्ही फोटो एकाच मापात छापले, तर फरक जवळजवळ मिटतो. हालल्याने येणारा धूसरपणाही असाच. एकाच मापाच्या छपाईत तो दोन्हीकडे सारखाच दिसतो, पण ६१ मेगापिक्सेलचा पुरेपूर फायदा हवा असेल, तर शटर स्पीड वाढवावाच लागतो.

प्रश्न : इनडोअर बॅडमिंटनचे फोटो इलेक्ट्रॉनिक शटरवर काढले. एक चारहजारांश सेकंद ठेवूनही रॅकेट वाकडी आली, शिवाय फोटोभर आडवे पट्टे. बॉडी ६१ मेगापिक्सेलची. कॅमेरा बिघडलाय का?

कॅमेरा ठीक आहे. एक चारहजारांश हा प्रत्येक ओळीला मिळालेला वेळ आहे. पण सगळ्या ओळी एकदम वाचल्या जात नाहीत, वरून खाली एकेक वाचत जातात, आणि तुमच्यासारख्या सेन्सरवर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत यायला सेकंदाचा सुमारे दहावा भाग लागतो. स्मॅशमध्ये तेवढ्यात रॅकेट पूर्ण फिरून खाली आलेली असते. वरच्या ओळींनी तिला एका जागी पाहिलं, खालच्यांनी दुसऱ्या. शटर स्पीड आणखी वाढवून यात काहीही सुधारत नाही. पट्ट्यांचं कारणही तेच : हॉलमधले एलईडी दिवे सतत लुकलुकतात, म्हणून काही ओळी उजेडात वाचल्या जातात, काही अंधारात.

आज हाती असलेला उपाय म्हणजे मेकॅनिकल शटरवर (प्रत्यक्ष पडदा हलणाऱ्या) जा आणि अँटी-फ्लिकर (दिव्यांच्या लुकलुकण्याशी फोटोची वेळ जुळवणारी सोय) सुरू करा. फ्रेम कमी होतील, पण रॅकेट सरळ येईल. खर्चाची तयारी असेल तर स्टॅक्ड सेन्सरच्या (थर एकावर एक रचल्याने झटपट वाचल्या जाणाऱ्या सेन्सरच्या) बॉडी आहेत. त्या अख्खी फ्रेम सेकंदाच्या दोनशे-अडीचशेव्या भागात वाचतात, म्हणजे मेकॅनिकल पडद्याच्या जवळपास. त्याही पुढची पायरी २०२३मध्ये सोनीच्या ए९ थ्रीने गाठली. तिथे सगळे पिक्सेल एकाच क्षणी टिपले जातात, वाकडेपणाचा प्रश्नच मिटतो. त्यासाठी काय सोडलं तेही पाहा : २४ मेगापिक्सेलवरच थांबावं लागलं, आणि मूळ आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची स्वाभाविक संवेदनशीलता) १००ऐवजी २५० झाला. अशी देवाणघेवाण उघडपणे मांडलेली असली की मला ती आवडते, कारण घेणाऱ्याला आपलं माप घेता येतं.

प्रश्न : नवी ४५ मेगापिक्सेलची बॉडी २० फ्रेम देते म्हणतात, पण काही सेकंदांतच अडखळते. एसडी कार्ड चांगल्या कंपनीचं आहे.

कार्डाची कंपनी इथे गौण आहे. १४ बिटची, कॉम्प्रेस न केलेली ४५ मेगापिक्सेलची एक रॉ ८० एमबीच्या आसपास जाते. २० फ्रेम म्हणजे सेकंदाला १.६ जीबी. यूएचएस-टू या वेगवान प्रकारच्या एसडी कार्डाची वाट कागदोपत्रीच सेकंदाला ३१२ एमबीची. बफर (कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात ती कॅमेऱ्यातली मेमरी) हा हौद समजा : वरून पाचपट पाणी येतंय आणि खालची तोटी तेवढीच आहे, तर हौद भरणारच. बॉडीत सीएफएक्स्प्रेसचा (एसडीहून वेगवान कार्डाचा) खाचा असेल तर टाइप बी कार्ड घ्या आणि त्यावर लिहिलेल्या कमाल वेगाऐवजी सलग लेखनाचा वेग पाहा. दोन्ही खाच्यांत एकाच वेळी लिहायचं ठरवलं असेल, तर कॅमेरा संथ कार्डाच्या चालीने चालतो. बऱ्याचदा दुखणं तिथेच असतं.

प्रश्न : मी चित्रांच्या प्रती टिपतो, ट्रायपॉडवर, फ्लॅशने. वेगाचा विचार करू का?

अजिबात नको. फुजीफिल्मच्या १०२ मेगापिक्सेलच्या मीडियम फॉरमॅट (नेहमीपेक्षा मोठ्या सेन्सरच्या) बॉडीपर्यंत खुशाल जा. चित्र हलत नाही आणि तुम्हालाही घाई नाही. फक्त लेन्सचं छिद्र एफ १६पर्यंत (आकडा मोठा तितकं छिद्र लहान) बारीक करू नका. तिथे प्रकाशाचा ठिपकाच २१ मायक्रॉनच्या आसपास पसरतो, आणि या सेन्सरचा पिक्सेल चार मायक्रॉनहून लहान आहे. एफ ८वर राहा आणि चित्र सेन्सरला समांतर आहे का, ते आरसा लावून तपासा.