आधी अंथरुणाची घडी

चि.स अनेक आशीर्वाद.

अभ्यास मागे पडला म्हणून तू हवालदिल आहेस. मला जास्त खटकलं ते अंघोळ दुपारी दोनला आणि जेवण चारला होतं, हे. तेव्हा अभ्यासाचं नंतर बघू.

उत्साह आला की सुरुवात करू, असं म्हणू नकोस. मन खचलेलं असताना गाडी उलटी चालते: आधी हातपाय हलतात, मग मन. पीटर ल्युइनसन या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात नैराश्यावरचे उपचार याच धाग्यावर उभे केले.

उठायची वेळ एकच ठेव, सात म्हणजे सात, रविवारीही. रात्री झोप कधी लागते ते आपल्या हातात नसतं, उठणं बऱ्यापैकी असतं. मोबाइल दाराजवळच्या प्लगला लाव, उशाशी नको. गजर बंद करायला उठावंच लागेल, तर लगेच गादी गुंडाळून भिंतीला लाव, चादरीची घडी कर. टापटिपीसाठी नाही, पसरलेली गादी दिसली की माणूस 'पाच मिनिटं' म्हणून आडवा होतो आणि अकरा वाजतात. मग पंधरा मिनिटं गच्चीवर किंवा रस्त्यावर, उजेडात.

कपड्यांचं बघ. आठवड्याचा ढीग एकदम भिजवला की तो बादलीत दोन दिवस कुबट होतो, मग पुन्हा धुवावा लागतो, आणि त्या वासानेच बाथरूममध्ये जावंसं वाटत नाही. त्यापेक्षा अंघोळीच्या आधी अर्धा तास एक शर्ट आणि आतले कपडे भिजव, अंघोळ करतानाच खळबळून टाक. पाच मिनिटांचं काम. जीन्सचं रविवारी बघू.

डबा आला की तेव्हाच जेव, निम्मा तर निम्मा. डबा बंद असेल तेव्हा अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, तीन वाट्या पाणी, हळद, मीठ. कुकरच्या चार शिट्ट्या. भाजी चिरायची नाही.

रंगीत पेनांनी तासातासाचं वेळापत्रक कृपा करून करू नकोस. ते बुधवारपर्यंत मोडतं आणि वर अपराधी वाटतं. एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचं नाही, नेहमीइतकंच. लंडनमध्ये ९६ जणांच्या सवयींवर झालेल्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. माणसागणिक फरक १८ ते २५४ दिवसांचा. अधूनमधून एखादा दिवस चुकल्याने बिघडलं नाही.

मात्र दोन आठवडे रोजच असं जात असेल, झोप-भूक उडाली असेल, तर हा आळस नव्हे, डॉक्टरांना दाखव. जगणं नकोसं वाटलं तर दोन आठवडेही थांबू नकोस. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आज रात्री एवढंच कर: बादली भरून ठेव आणि चार्जर दाराशी ने.